मॅरेथॉनचे अंतर आणि श्रमिकांचे पाय

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत धावण्याच्या शर्यतीचा इतिहास सांगावयास घ्यावा, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. पगार, बोनस, ग्रॅच्युइटी हे आमचे नेहमीचे विषय. परंतु वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांच्या आधाराने मी मॅरेथॉनचा इतिहास जसजसा वाचीत गेलो, तसतशी त्यात मला ओळखीची माणसे भेटू लागली. पाणी वाहणारा, गवंडी, मिठाईच्या दुकानातला नोकर, शिपाई, कुणबी. त्यांच्याबरोबर ओळखीचे नियमही भेटले. कोणास आत घ्यावयाचे, कोणास दाराबाहेर उभे करावयाचे आणि आत घेतलेच तर किती घ्यावयाचे, याविषयीचे ते नियम होत. ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर पुरतेपणी तोडण्याचा अधिकार कोणाचा, यावरून सव्वाशे वर्षे जो तंटा चालू आहे, तोच माझा आजचा विषय.

हे अंतर केवढे, हे आपणांस सांगावयाचे तर वर्ध्याहून निघून पायी हिंगणघाट गाठावे, साधारण इतके. आपल्या जिल्ह्यास पायी अंतराचे फारसे अप्रूप नाही. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा सेवाग्रामहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीस निघाले ते पायीच, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पवनारहून दिल्लीकडे निघाले तेही पायीच. पुढे कित्येक वर्षे ते चालतच राहिले. अर्थात चालणे निराळे आणि घड्याळ लावून धावणे निराळे. तेही येथे नवे नाही. पहाटे गावाबाहेरच्या कोणत्याही रस्त्यावर जावे, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेमुली धावताना दिसतात. मुलांस १६०० मीटर, मुलींस ८०० मीटर हे त्यांचे माप. त्यांच्या लेखी धावणे ही हौस नव्हे. ती नोकरीची परीक्षा आहे.

मॅरेथॉनची मूळ कथा शाळेत आपण सर्वांनी वाचलेली आहे. ख्रिस्तपूर्व ४९० साली मॅरेथॉनच्या मैदानावर ग्रीकांनी इराणी सैन्याचा पराभव केला, एक दूत ती वार्ता घेऊन अथेन्सपर्यंत धावत गेला आणि विजयाचा शब्द उच्चारून तेथेच कोसळून मेला. कथा सुरेख आहे, पण तिचा पुरावा कच्चा आहे. त्या युद्धाचा सर्वांत जवळचा इतिहासकार हेरोडोटस. त्याच्या ग्रंथात हे मरण नाही. त्याने सांगितले आहे ते असे की, युद्धापूर्वी फिडिपिडीस नावाचा दूत मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टास धावत गेला आणि दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचला. हे अंतर सुमारे २४० किलोमीटर भरते! कोसळून मरणारा दूत पाच-सहा शतकांनंतरच्या लेखकांनी आणला. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. फिडिपिडीस हा हौशी धावपटू नव्हता, निरोप पोहोचविणे हा त्याचा धंदा होता. ग्रीक भाषेत अशा माणसांना ‘दिवसभर धावणारा’ या अर्थाचे नाव होते. आपल्याकडे त्यालाच हरकारा किंवा जासूद म्हणत. घुंगरू बांधलेली काठी आणि टपालाची थैली घेऊन एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत रानावनातून पळणारा तो गडी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाहिलेला आहे. तेव्हा मॅरेथॉनच्या मुळाशी कोणी राजपुत्र नसून एक पगारी निरोप्या आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

आता याच्या अगदी उलट असा एक नियम पाहा. १८६० च्या दशकात लंडनमध्ये बड्या घरच्या तरुणांनी मैदानी खेळांचा क्लब काढला आणि ‘हौशी खेळाडू कोणास म्हणावे’ याची व्याख्या ठरविली. त्या व्याख्येतून कारागीर, यंत्रावर काम करणारा आणि मजूर यांस वगळण्यात आले. पैसे घेऊन धावणाऱ्यास वगळले, हे एक वेळ समजता येईल. परंतु येथे मनुष्य पैशासाठी धावला नसला तरी तो हाताने काम करून पोट भरतो, एवढाच त्याचा अपराध मानला गेला. कारण असे दिले जाई की, अंगमेहनतीने त्याचे शरीर कमावलेले असते, म्हणून सभ्य गृहस्थांशी त्याची स्पर्धा विषम ठरते. अंगमेहनतीचा मोबदला देताना ज्यांना ती कधी दिसत नाही, त्यांना ती शर्यतीच्या रेषेवर मात्र दिसली! १८८० साली धावण्याच्या खेळांतून हे कलम गेले. नौकानयनात ते १९३७ पर्यंत टिकले.

पुढे १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताने मॅरेथॉन ते अथेन्स अशी शर्यत ठेवण्याची कल्पना काढली आणि चांदीचा पेला देऊ केला. सुमारे ४० किलोमीटरांची ती पहिली शर्यत जिंकली स्पिरिडॉन लुइस याने, २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत. हा अथेन्सजवळच्या मारूसी गावचा. बाप शहरात पाणी विकी आणि मुलगा त्या कामात हाताशी असे. एका पाणक्याच्या मुलाबरोबर ग्रीसचे राजपुत्र स्टेडियममध्ये धावत शेवटच्या रेषेपर्यंत गेले.

त्याच वेळी एका बाईस मात्र आत येऊ दिले नाही, ही हकीकत कमी सांगितली जाते. स्तामाता रेविथी असे तिचे नाव. गरीब, पदरी तान्हे मूल. तिने शर्यतीत नाव घालण्याची विनंती केली, ती नाकारली गेली. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच मॅरेथॉनहून निघाली आणि सुमारे साडेपाच तासांत अथेन्सला पोहोचली. तिला स्टेडियमच्या बाहेरच थांबावे लागले. त्यानंतर बायकांसाठी ते दार उघडण्यास किती काळ लागावा? बॉस्टनची शर्यत १८९७ पासून होत आली आहे. तेथे १९६६ साली बॉबी गिब हिने अर्ज केला, तेव्हा स्त्रीच्या शरीरास एवढे अंतर झेपत नाही असे उत्तर आले. ती झुडपाआड दबा धरून बसली, शर्यत सुटताच पुरुषांत मिसळली आणि पुरे अंतर धावली. पुढच्या वर्षी कॅथरिन स्विट्झर आद्याक्षरांनी नाव नोंदवून रीतसर क्रमांक लावून धावली, तर एका अधिकाऱ्याने रस्त्यात तिच्या अंगावर धावून जाऊन तो क्रमांक फाडण्याचा प्रयत्न केला. बॉस्टनने बायकांस १९७२ साली घेतले, ऑलिंपिकने १९८४ साली. म्हणजे रेविथीपासून अठ्ठ्याऐंशी वर्षे.

शर्यतीचे आजचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकात आले. विंडसरच्या राजवाड्यापासून निघून राजघराण्याच्या आसनासमोर शर्यत संपावी, म्हणून ते २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर झाले. १९२१ साली तेच कायम करण्यात आले. राणीच्या बैठकीच्या सोयीने ठरलेले अंतर आज जगभर लोक पवित्र मानून धावतात! त्या शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री पहिला स्टेडियममध्ये शिरला, पुनःपुन्हा पडला आणि अधिकाऱ्यांनी हात देऊन त्यास रेषेपलीकडे नेले, म्हणून तो बाद झाला. हा मिठाईच्या दुकानात कामास होता.

आता आपण स्वदेशी येऊ. हिंदुस्थानचा पहिला संघ १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथील ऑलिंपिकला गेला. त्याचे मूळ पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात आहे. दोराबजी टाटा हे जिमखान्याचे अध्यक्ष. तेथील सामन्यांत खेड्यांतली कुणब्यांची पोरे लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावताना त्यांनी पाहिली. धावण्याचे शास्त्रीय शिक्षण त्यांस नव्हते. तरी घड्याळ पाहता त्यांचा वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारा होता. दोराबजींनी पुढाकार घेतला, पदरचे पैसे घातले आणि संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते, साताऱ्याचे सदाशिव दातार होते, कैकाडी होते, बंगालचे बॅनर्जी होते. नवले आणि शिंदे असे दोन मल्ल होते. सहा खेळाडूंपैकी पाच आपल्या मुलखातले, ही गोष्ट मराठी क्रीडालेखकांनी म्हणावी तितकी सांगितलेली नाही.

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पला मॅरेथॉन झाली. त्या दिवशीचे अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांस शर्यत पुरी करता आली नाही. आधी बोटीचा प्रवास, मग परक्या हवेतला सराव, अनवाणी सवयीच्या पायांत चढविलेले बूट, न मानवणारे अन्न. हे सारे हिशेबात घेतले म्हणजे एकोणिसावा क्रमांक मला तरी लहान वाटत नाही.

त्या दिवशी जिंकला कोण? फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत. हा व्यवसायाने गवंडी. अमेरिकेत असता विटा रचून पोट भरीत असे. योगायोग असा की, त्याच १९२० साली जॉन केली या अमेरिकन नावाड्याचा अर्ज इंग्लंडातील हेन्ली येथील शर्यतीने नाकारला. त्याच्या मंडळाशी जुना वाद होता हे खरे, परंतु त्याने हाताने मजुरी केलेली आहे हेही कारण नोंदले गेले. तोही गवंडीच. इंग्लंडने दाराबाहेर ठेवलेला तो गवंडी थोड्याच दिवसांनी अँटवर्पला ऑलिंपिक विजेता झाला.

मजुरावरची बंदी उठली तरी पैशावरची बंदी राहिली. पावो नुर्मी या थोर फिनिश धावपटूस १९३२ साली मॅरेथॉन धावावयाची होती. प्रवासखर्चाच्या नावाखाली पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्यास रोखण्यात आले. बॉस्टनच्या शर्यतीत रोख बक्षीस आले ते १९८६ साली. तोवर जो धावेल त्याने स्वतःच्या पोटास चिमटा घेऊन धावावे, अशी व्यवस्था होती. घरची शेतीवाडी किंवा वाडवडिलांची इस्टेट असणाऱ्यास ती सोयीची. इतरांना सैन्य किंवा रेल्वे यांच्या नोकरीचा आसरा घ्यावा लागे. आपला शिवनाथ सिंग हा असाच सैन्यातला गडी. बिहारच्या बक्सरकडचा हा जवान पुष्कळदा अनवाणी धावे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकात तो मॅरेथॉनमध्ये अकरावा आला आणि १९७८ साली जालंधर येथे त्याने २ तास १२ मिनिटांत शर्यत पुरी केली. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ कोणाच्याने मोडवला नाही.

अनवाणी धावणाऱ्यांचा मेरुमणी म्हणजे इथियोपियाचा अबेबे बिकिला. सम्राटाच्या पहारेकऱ्यांतला हा शिपाई १९६० साली रोमला अनवाणी धावून जिंकला. ज्या रोमहून मुसोलिनीच्या फौजा इथियोपिया जिंकण्यास निघाल्या होत्या, त्याच रोममध्ये! १९६४ साली टोकियोला तो पुन्हा जिंकला; लागोपाठ दोन ऑलिंपिकांत मॅरेथॉन जिंकणारा तो पहिलाच. ही कथा येथवर सर्वांस ठाऊक असते. परंतु पुढचा भाग माझ्या विषयास अधिक लागू आहे. मार्च १९६९ मध्ये मोटारीच्या अपघातात बिकिलाच्या मज्जारज्जूस इजा झाली आणि कमरेखालचे शरीर गेले. त्यास इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात नेण्यात आले. तेथे १९७० साली चाकाच्या खुर्चीत बसून तो तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरला. १९७३ साली तो वारला.

स्टोक मँडेव्हिलचे हे रुग्णालय म्हणजे सारी दुनिया ज्यास आज पॅरालिंपिक म्हणते, त्याचे जन्मस्थान. हिटलरच्या जाचास कंटाळून जर्मनी सोडून आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन तेथे युद्धात कणा मोडलेल्या सैनिकांवर उपचार करीत. त्या काळी असा रोगी म्हणजे अंथरुणास खिळून मरणाची वाट पाहणारा, असा समज होता. गुटमननी त्यांना कामास लावले, खेळास लावले. २९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जणांचे तिरंदाजीचे सामने त्यांनी भरविले. रोगी पुन्हा कामधंद्यास लागून स्वतःच्या कमाईवर जगावा, हा त्यांचा आग्रह होता. वर्धेकरांस हा विचार परका वाटू नये. येथेच १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. हिंगणघाटास जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे वरोऱ्यास आनंदवन उभारले, तेही रोग्याच्या हातास दान न देता काम देण्यासाठीच. मणक्यांच्या दुखण्याने बसणेही अशक्य झालेले बाबा १९८५ च्या डिसेंबरात गाडीत आडवे पडून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, बरोबर सायकलींवर तरुण मुलेमुली. अंतर तोडण्यास पाय लागतातच असे नाही, हे येथे एका माणसाने दाखविले आहे.

आमच्या कायद्याची दृष्टी मात्र अजून निराळी आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यास एक परिशिष्ट जोडलेले होते. अंगठा गेला तर कमावण्याची शक्ती शेकडा ३० ने कमी झाली असे धरावे, तर्जनी पुरी गेली तर शेकडा १४, दोन्ही हात गेले तर शेकडा १००. जिनिंगच्या हंगामात यंत्रात हात सापडलेल्या एका मजुराचे प्रकरण आम्ही चालविले होते. मालकाच्या वकिलाचा सगळा वाद त्या टक्क्यांवर होता, आणि खरे सांगावयाचे तर आमचाही. त्या मनुष्याने उरलेल्या हाताने पुढे काय करावयाचे, हा प्रश्न त्या दालनात कोणी काढला नाही, कारण परिशिष्टात त्यासाठी रकानाच नव्हता. टक्केवारीने माणूस किती गेला ते कळते. किती उरला ते कळत नाही.

उरलेला माणूस किती, याचे उत्तर १९७५ साली बॉस्टनच्या रस्त्यावर मिळाले. त्याआधी १९७० साली व्हिएतनामच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेला यूजीन रॉबर्ट्स हा सैनिक तेथे चाकाच्या खुर्चीतून सारे अंतर तोडून गेला होता, पण अधिकृत नोंदीवाचून. १९७५ साली बालपणी पोलिओ झालेल्या बॉब हॉल याने चालकांकडे रीतसर परवानगी मागितली. त्यांनी अट घातली की, तीन तासांच्या आत पोहोचलास तर इतर धावपटूंना देतो तेच प्रशस्तिपत्र देऊ. हॉल २ तास ५८ मिनिटांत पोहोचला. म्हणजे पहिल्या ऑलिंपिक विजेत्या लुइसला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढ्याच वेळात, आणि दोन किलोमीटर अधिक!

इतरत्र एवढ्या सुखासुखी झाले नाही. न्यू यॉर्कच्या चालकांचे म्हणणे असे की, खुर्ची हे वाहन आहे आणि उतारावर ती धावणाऱ्यांच्या अंगावर जाईल. या आक्षेपात तथ्य मुळीच नव्हते असे मी म्हणणार नाही. उतारावर शर्यतीची खुर्ची खरोखरच मोटारीच्या वेगाने जाते. परंतु धोका असेल तर बंदोबस्त करावा, माणसास बंदी का? खुर्च्यांची शर्यत धावणाऱ्यांच्या काही मिनिटे आधी सोडली की प्रश्न मिटतो, आणि पुढे सगळीकडे तसेच करण्यात आले. तरीही न्यू यॉर्कला कोर्टाची पायरी चढावी लागली; तेथे खुर्च्यांचा अधिकृत विभाग २००० साली आला. लंडनची शर्यत १९८१ साली निघाली आणि १९८३ साली तीत खुर्च्यांना वाव मिळाला. पहिल्या वर्षी १९ जण उतरले, १७ जणांनी शर्यत पुरी केली. जपानात तर १९८१ पासून ओइता शहरी केवळ खुर्च्यांचीच आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरते. खुर्चीही सुधारत गेली. आजची शर्यतीची खुर्ची तीन चाकांची, लांबोळकी, जमिनीलगत असते. स्वार गुडघे मुडपून पुढे वाकतो आणि जाड हातमोज्यांनी चाकांच्या कड्यांस ठोके देत जातो. स्वित्झर्लंडचा मार्सेल हुग २०२४ साली बॉस्टनला १ तास १५ मिनिटे ३३ सेकंदांत पोहोचला. दोन पायांवर धावणाऱ्यांतला केल्विन किप्टम २०२३ साली शिकागोत २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांत आला होता, हे शेजारी ठेवून पाहावे.

त्याच २०२४ साली लंडनच्या चालकांनी खुर्चीतल्या विजेत्यांचे बक्षीस धावणाऱ्या विजेत्यांइतके केले, प्रत्येकी ५५,००० डॉलर. समान कामास समान दाम, ही आमची जुनी मागणी एका शर्यतीने मान्य केली असे मी समजतो. आमच्या कित्येक कारखान्यांत ती अजून व्हावयाची आहे.

मुंबईचे काय? महाराष्ट्रात पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली. मुंबईची पहिली १५ फेब्रुवारी २००४ रोजी झाली. पुढे ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी येऊ लागली. २०१८ पासून तिच्या नावात टाटा आहे, म्हणजे अँटवर्पच्या संघास शंभर वर्षे होत आली तेव्हा तेच नाव पुन्हा या शर्यतीस चिकटले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी निघून मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळीवरून सागरी सेतूकडे धावणारा तो लोंढा दूरदर्शन संचावर आपण पाहिलेला असेल. २००९ आणि २०१५ साली ही शर्यत १८ जानेवारीस आली होती. ही तारीख गिरणगावास निराळ्या कारणाने ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतले बहुसंख्य कामावर परतले नाहीत. आमच्या हिंगणघाट-पुलगावच्या गिरणीवाल्यांना त्या संपाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

शर्यतीवर माझा राग नाही, हे स्पष्ट सांगतो. तिने गरीब घरच्या मुलींना वाट दिली. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर मुंबईत भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकात अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. परभणीची ज्योती गवते २०१७ साली मुंबईत भारतीय महिलांत पहिली आली. २०२५ साली एकंदर विजेत्यास ५०,००० डॉलर, म्हणजे चाळीस लाखांहून अधिक रुपये होते, आणि भारतीयांतल्या पहिल्यास पाच लाख. या तफावतीवर पुष्कळ बोलले जाते. मला ती तितकीशी टोचत नाही. पहिले बक्षीस भारतीयासही खुले आहे, फक्त तेवढ्या वेगाने धावावे लागते. आणि पाच लाख ही कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी लहान रक्कम नव्हे. बारामतीच्या शर्यतीत साठी उलटलेल्या लता करे नऊवारी लुगड्यात अनवाणी धावून ज्येष्ठांत पहिल्या आल्या, त्या पतीच्या वैद्यकीय तपासणीचे पैसे हवे होते म्हणून. त्यावर पुढे चित्रपट निघाला आणि लोकांनी डोळे पुसले. आजाऱ्याच्या तपासणीसाठी म्हातारीस धावावे का लागते, हे विचारणारे थोडे निघाले.

मला टोचते ते दुसरेच. मुंबईच्या शर्यतीत दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. त्यात खुर्चीवरचे असतात, कुबड्यांवरचे असतात, टाळ्याही भरपूर मिळतात. परंतु अलीकडच्या वर्षांच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याचे अंतर दोन किलोमीटरसुद्धा भरत नाही; दीड किलोमीटरच्या आसपास ते संपते. खुर्चीवरच्या माणसास ४२ किलोमीटरांची शर्यत त्या पत्रिकेत नाही. ज्यांना एवढेच झेपते त्यांच्यासाठी तो विभाग अवश्य असावा. पण ज्याच्या बाहूंत बेचाळीस किलोमीटरांचे बळ आहे त्यानेही तेथेच थांबावे, याला काय म्हणावयाचे? बॉस्टनने हॉलला निदान तीन तासांची अट तरी घातली होती.

बळ नाही म्हणावे तर मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण समोर आहे. सांगली जिल्ह्यातला हा सैनिक १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्यांनी जखमी होऊन कमरेखाली अधू झाला. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याने भारताला पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे पुण्याच्या टेल्को कारखान्यात त्याने नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी.

तेव्हा अडचण बळाची नसून साधनांची व रस्त्यांची आहे. शर्यतीची खुर्ची बहुधा परदेशाहून आणावी लागते आणि तिची किंमत लाखांत जाते. सरकारने कृत्रिम अवयव बनविण्याचा कारखाना १९७२ साली कानपूरला काढला. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शिबिरांत वाटल्या जाणाऱ्या हाताने पॅडल मारण्याच्या तीनचाकी गाड्या पुष्कळशा तेथल्याच. परंतु ती गाडी जड, बाजारहाटासाठी केलेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, नोकऱ्यांतला राखीव वाटा शेकडा तीनवरून चार केला आणि ३० व्या कलमात खेळांत भाग घेण्याच्या सोयी करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. या कलमाचा आधार घेऊन मुंबई-पुण्याच्या चालकांकडे व सरकारकडे तीन गोष्टी मागता येतील: पुऱ्या अंतराचा खुर्च्यांचा विभाग, तो धावणाऱ्यांच्या आधी सोडण्याची व्यवस्था, आणि देशात बनविलेली हलकी खुर्ची. पहिल्या वर्षी पाचच जण उतरले तरी चालतील. लंडनला एकोणीस होते.

उतरणारे कोठून येतील, असे मला एका मित्राने विचारले. त्यांनी बाजाराच्या दिवशी वर्ध्याच्या रस्त्यावर सकाळी उभे राहावे. मागच्या पेटीत भाजी किंवा लॉटरीची तिकिटे घेऊन, हाताने पॅडल मारीत, खड्डे चुकवीत आसपासच्या खेड्यांतून माणसे येतात आणि संध्याकाळी उजेड असेतो परत जातात. त्यांच्या एका दिवसाच्या जाण्यायेण्यात मुंबईचा तो दीड किलोमीटर कितीतरी वेळा बसतो.